चकवा नव्हे, स्मृतिभ्रंश

‘ऑन गोल्डन पाँड’ हा १९८१ सालचा अमेरिकन चित्रपट. नॉर्मन आणि एथेल हे म्हातारे जोडपे दर उन्हाळ्यात तळ्याकाठच्या घरी राहायला येते. नॉर्मन आता ऐंशीचा होतो आहे. एथेल त्याला स्ट्रॉबेरी आणायला पाठवते. वाट पायाखालची, तरी झाडीत ती त्याला ओळखू येत नाही. घाबरून तो रिकाम्या हाताने परततो आणि शेवटी बायकोजवळ कबूल करतो, की रस्ता आठवला नाही म्हणून तुझ्याकडे आलो.

आपल्याकडे असे झाले तर लोक म्हणतात, चकवा लागला. नाहीतर म्हातारचळ म्हणून हसतात. दोन्ही चूक. ओळखीची वाट वारंवार चुकणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण असू शकते. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण.

मराठीत ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी असाच रुग्ण उभा केला आहे. तो गाडीतून उतरतो आणि हत्तीच्या मागे चालू लागतो. तो हत्ती पाळीव होता. आपल्या दोडामार्गात रानटी हत्ती फिरतात. वाट चुकलेले माणूस रात्री काजूच्या बागेत अडकले, तर जिवावर बेतू शकते.

या आजारात कालचे आधी पुसले जाते, जुने जास्त टिकते. तिलारी धरणात शिरंगे, पाट्ये, आयनोडे अशी गावे गेली. तिथला एखादा वृद्ध संध्याकाळी “घरी जातो” म्हणून उठला, तर त्याच्या मनातले घर पाण्याखाली आहे हे त्याला आठवत नसते. “ते बुडाले” असे दर वेळी सांगू नका. त्याला दर वेळी नव्याने धक्का बसतो. त्या गावाच्या गोष्टी काढा, सोबत चार पावले चाला, मग घरी वळवा.

घरच्यांनी एवढे करावे :

१. डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२ची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधांमुळेही विसर पडतो. त्यावर उपचार आहेत.

२. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

३. खिशात नाव, गाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

४. शेजारी, रिक्षावाले, विहारातली मंडळी यांना सांगून ठेवा. लपवले तर शोधायला कोणी येणार नाही.

५. सांभाळणारीकडेही बघा. अनेक घरांत ती बायकोच असते, तीही म्हातारी, तिलाही बीपी-शुगर. मुला-सुनांनी आठवड्यातला एक दिवस तरी तिला मोकळे करावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे.

नॉर्मन परत येऊ शकला, कारण एथेलचे घर त्याला आठवत होते. ज्यांना तेही आठवणार नाही, त्यांना घरी आणणे आपल्या सगळ्यांचे काम आहे, असे आम्हाला वाटते.