पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

प्रास्ताविक

राज्यघटनेत लिहिलेला हक्क आणि प्रत्यक्ष हाती आलेला हक्क यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. अमेरिकेच्या संस्थापकांनी १७९१ मध्ये नागरिकांना दिलेल्या एका हक्काच्या बाबतीत हे अंतर कसे निर्माण झाले आणि एका सामान्य माणसाने ते कसे कमी केले, ते आपण या पाठात पाहणार आहोत. हा पाठ अभ्यासल्यानंतर सहाव्या घटनादुरुस्तीचा आशय तुम्हांला सांगता येईल आणि ‘पैसा नसेल तर हक्क उरतो काय?’ या प्रश्नावर स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

४ ऑगस्ट १९६१ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, पनामा सिटी येथील न्यायालयात क्लॅरन्स अर्ल गिडियन नावाचा आरोपी उभा होता. बिलियर्ड खेळण्याच्या एका जागेत रात्री घुसून त्याने सिगारेटच्या यंत्रातील नाणी चोरली, असा त्याच्यावर आरोप होता. वय पन्नाशीचे, शिक्षण आठवीपर्यंतचे, खिसा रिकामा. पूर्वीही चोरीसारख्या गुन्ह्यांसाठी तो तुरुंगात जाऊन आलेला होता. आपल्याला वकील देण्यात यावा, अशी विनंती त्याने केली. देहदंडाची शिक्षा होऊ शकेल अशाच खटल्यात राज्याच्या कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील देता येतो, असे सांगून न्यायाधीशांनी दिलगिरी व्यक्त केली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मला हा हक्क दिलेला आहे, असे गिडियन ठामपणे म्हणाला. वस्तुतः त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटलेले नव्हते.

तेव्हा त्याने स्वतःच खटला चालवला. साक्षीदारांना जमतील तसे प्रश्न विचारले, ज्यूरीपुढे आपली बाजू मांडली. पण समोर कायदा शिकलेला सरकारी वकील होता. कोणता प्रश्न कोणाला आणि केव्हा विचारावा, ही विद्या अंगभूत चतुराईने येत नाही. गिडियनला पाच वर्षांची शिक्षा झाली.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. ५ मार्च १७७० रोजी बॉस्टन शहरात ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. लोक संतप्त होते. सैनिकांचे वकीलपत्र घेण्यास कोणी सहजासहजी तयार होईना. ते जॉन अॅडम्स यांनी घेतले. अॅडम्स स्वतः ब्रिटिश धोरणांचे विरोधक होते आणि पुढे ते अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. त्यांच्या बचावामुळे आठ सैनिकांपैकी सहा निर्दोष सुटले. दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. ज्याच्याविषयी लोकांच्या मनात द्वेष आहे, त्याचीही बाजू जाणत्या माणसाने मांडली पाहिजे, हा विचार असा स्वातंत्र्यापूर्वीच तेथे रुजला होता. त्या काळी इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात आरोपीच्या वकिलावर पुष्कळ बंधने होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

१७९१ मध्ये संमत झालेल्या सहाव्या घटनादुरुस्तीने फौजदारी खटल्यातील आरोपीला वकिलाच्या साहाय्याचा हक्क दिला. मात्र त्या वेळी त्याचा अर्थ एवढाच घेतला गेला, की ज्याला वकील नेमता येईल त्याला कोणी अडवू नये. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याचे काय, याविषयी त्या वाक्यात एक अक्षरही नाही. शिवाय हे बंधन केंद्र सरकारवर होते, राज्यांवर नव्हते. आणि हे हक्क लिहिले जात असताना लाखो माणसे तेथे गुलामीत होती, ही गोष्टही विसरता येत नाही. संस्थापकांची वचने थोर होती. ज्यांना ती दिली गेली त्यांची यादी मात्र आखूड होती.

यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदाव्या घटनादुरुस्तीने राज्यांवरही न्याय्य प्रक्रियेचे बंधन घातले. १९३२ मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीय तरुणांच्या खटल्यात, जेथे देहदंडाचा प्रश्न आहे तेथे असाहाय्य आरोपीला वकील दिलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण १९४२ मध्ये त्याच न्यायालयाने इतर खटल्यांत राज्यांना तशी सक्ती करण्याचे नाकारले. गिडियनच्या आड हाच निकाल येत होता.

तुरुंगात गिडियनने कायद्याची पुस्तके वाचली. जानेवारी १९६२ मध्ये तुरुंगातल्या रेघांच्या कागदावर पेन्सिलीने त्याने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. म्हणणे मात्र स्वच्छ होते : मला वकील नाकारला गेला, म्हणून माझा खटला न्याय्य रीतीने चालला नाही. न्यायालयाने हा अर्ज दाखल करून घेतला आणि त्याची बाजू मांडण्यासाठी एब फोर्टास या नामांकित वकिलांची नेमणूक केली. फ्लोरिडाने इतर राज्यांचा पाठिंबा मागितला, तेव्हा फक्त दोन राज्ये त्याच्या बाजूने उभी राहिली. उलट बावीस राज्यांनी गिडियनच्या बाजूने निवेदन दिले.

१८ मार्च १९६३ रोजी नऊही न्यायाधीशांनी गिडियनच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. १९४२ च्या निकालाशी असहमती नोंदवणारे हेच ते न्यायमूर्ती! त्यांचा युक्तिवाद साधा होता. आरोप सिद्ध करण्यासाठी सरकार वकिलांवर भरपूर खर्च करते, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे असा आरोपी उत्तम वकील शोधतो. यावरूनच वकील ही चैन नसून गरज आहे हे सिद्ध होते.

निकालाने गिडियन निर्दोष ठरला नव्हता. त्याला पुन्हा खटला चालवून घेण्याची संधी मिळाली, एवढेच. ऑगस्ट १९६३ मध्ये, त्याच न्यायालयात आणि त्याच न्यायाधीशांपुढे, डब्ल्यू. फ्रेड टर्नर हे स्थानिक वकील त्याच्या वतीने उभे राहिले. त्यांनी आधी स्वतः चौकशी केली आणि मुख्य साक्षीदाराची कसून उलटतपासणी घेतली. तो इतक्या पहाटे तेथे कशासाठी आला होता? त्याने पाहिले म्हणजे नेमके काय पाहिले? ज्यूरीने सुमारे तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवले. कायदा तोच, आरोप तोच, आरोपीही तोच. फरक वकिलाचा होता.

या निकालानंतर फ्लोरिडाच्या तुरुंगांतून सुमारे दोन हजार कैद्यांची सुटका झाली. आरोपींच्या बचावासाठी राज्याने सरकारी बचाव-वकिलांची पदे निर्माण केली. फ्लोरिडात या पदांवरील प्रमुख मतदारच निवडतात. म्हणजे कोणा अनोळखी, कदाचित अप्रिय आरोपीला बरा वकील मिळावा की नाही, हे ठरवण्यात मतपत्रिका हाती घेतलेल्या नागरिकाचा वाटा असतो. निधी मंजूर करणारे विधिमंडळही तोच निवडतो. आणि आरोपींसाठी पैसे मागणारा उमेदवार कोणत्याही देशात फारसा लोकप्रिय नसतो!

त्यामुळे हा प्रश्न आजही संपलेला नाही. अनेक राज्यांत एकेका बचाव-वकिलाकडे इतके खटले असतात, की आरोपीशी त्याची भेट सुनावणीच्या आधी काही मिनिटेच होते. ओरेगॉन राज्यात वकिलांची इतकी टंचाई निर्माण झाली, की २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने, अटकेतील आरोपीला ठरावीक मुदतीत वकील न मिळाल्यास त्याला सोडण्याचा आदेश दिला. शिवाय गिडियनचा निकाल फौजदारी खटल्यांपुरताच आहे. घरमालकाने भाडेकरूला बाहेर काढण्याचा दावा लावला, तर भाडेकरूला वकील मिळेलच असे नाही. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये अशा गरीब भाडेकरूंसाठी स्वतंत्र कायदा केला आणि नंतर इतर काही शहरांनीही ती वाट धरली. देशाबाहेर पाठवण्याच्या कारवाईला तोंड देणाऱ्या परदेशी व्यक्तीला मात्र सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा सर्वसाधारण हक्क नाही.

आपल्या देशातही हाच प्रश्न उभा राहिला होता. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला. पण तेथेही खर्चाचा उल्लेख नव्हता. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घालून विनामूल्य विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९७८ मध्ये ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात, कैद्याला अपिलासाठी विनामूल्य विधिसाहाय्य मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार आज जिल्हा आणि तालुका पातळीवरही अशा साहाय्यासाठी अर्ज करता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पाठगत प्रश्न

१. १७९१ मध्ये वकिलाच्या हक्काचा कोणता मर्यादित अर्थ घेतला जात होता?

२. ‘फरक वकिलाचा होता’ असे लेखकाने कशाच्या आधारे म्हटले आहे?

३. गिडियन पूर्वी गुन्हेगार होता. तरीही त्याच्या बचावासाठी करदात्यांचा पैसा खर्च करणे तुम्हांला योग्य वाटते काय? आठ-दहा ओळींत सकारण लिहा.

४. आपल्या तालुक्यातील विधी सेवा समितीचे कार्यालय कोठे आहे, याची चौकशी करा. तेथे अर्ज कसा करावा लागतो, याची माहिती मिळवून लिहा.