वर्गातला उजेड आणि मुलांचे डोळे



वस्तीत मुलांची तपासणी करताना आया आम्हाला सांगतात, "ताई, पोरगं फळ्यावरचं चुकीचं उतरवतं. बाई म्हणतात, लक्षच नाही." आम्ही आधी विचारतो, "वर्गात बसतं कुठे?" पुष्कळदा उत्तर येते, "मागे, कोपऱ्यात."

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. मूल कुठे बसते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

लिहिण्या-वाचण्यासाठी बाकावर साधारण 300 लक्स उजेड हवा. लक्स हे उजेडाचे माप. दिवसा बाहेर सावलीतही हजारो लक्स उजेड असतो. म्हणजे उजेड फुकट आहे. तो उन्हाशिवाय आत आणायचा आहे. वहीवर, फळ्यावर थेट ऊन पडले की डोळे दिपतात, डोके दुखते. मग खिडकीला पुठ्ठा लावला जातो आणि मागची मुले अंधारात जातात.

पुठ्ठा हा उपाय नव्हे. दिशा पाहून सावली करावी :

• दक्षिणेची खिडकी : दुपारचा सूर्य उंच असतो, म्हणून वर आडवा छज्जा पुरतो.
• पूर्व-पश्चिमेची खिडकी : सूर्य खाली असतो, छज्जाखालून ऊन आत येते. तिथे बाहेरून बांबूची चिक किंवा उभ्या फळ्या लावाव्यात.
• उत्तरेची खिडकी : ऊन फार कमी, उजेड शांत. ती कधी झाकू नये.

सावली काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा ऊन अडवतो, पण उष्णता तोवर खोलीत शिरलेली असते.

छताला व भिंतींना पांढरा चुना द्यावा, खिडकीच्या जाळीवरची धूळ पुसावी. उजेड मागच्या बाकापर्यंत पोचतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. विहारातल्या अभ्यासिकेतही हेच करावे.

पालकांनी एकदा दिवे बंद करून शेवटच्या बाकावर बसावे. फळा दिसत नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत लेखी मागणी द्यावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला. ती जागा आपली आहे.

चांगल्या उजेडातही मूल डोळे बारीक करत असेल, तर डोळे तपासून घ्या. रोज थोडा वेळ त्याला बाहेर खेळू द्या. त्याने दूरच्या नजरेचा चष्मा लागण्याचा धोका कमी होतो.

मुलाला "ढ" म्हणण्याआधी त्याच्या बाकावर उजेड आहे का, ते पाहा.