गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी : बार्शीचा अभ्यास आणि आपला दवाखाना

श्वेतप्रदर आणि रक्तप्रदर या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रिया जळगाव-धुळे परिसरातील आपल्या प्रत्येक दवाखान्यात रोज येतात. अशोकारिष्ट, पुष्यानुग चूर्ण, पत्रांगासव, चंद्रप्रभा ही आपली नेहमीची योजना. बहुसंख्य रुग्णांना तिचा गुण येतो, म्हणूनच ती रूढ झाली. परंतु या रांगेत अधूनमधून एखादी स्त्री अशी असते की जिचा स्राव गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा असतो. नाडी, जिव्हा व प्रश्नपरीक्षेवरून तिला इतरांपासून वेगळे काढता येत नाही. तिला वेळेवर वेगळे कसे काढावे, याविषयीचे जगातील अत्यंत महत्त्वाचे संशोधन आपल्याच महाराष्ट्रात, कोरडवाहू शेतीवर राबणाऱ्या स्त्रियांवर झाले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या संशोधनाचा आणि त्यातून निघालेल्या मार्गदर्शक सूत्रांचा विचार करणार आहोत.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, हे या कर्करोगाचे कारण होय. हा संबंध दाखविणारे जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या अनेक प्रकारांपैकी १६ व १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांत आढळतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सामान्यतः दहा ते वीस वर्षांचा असतो. या काळात गर्भाशयमुखाच्या पेशींत पूर्वविकृती निर्माण होते, पण स्त्रीला कोणताही त्रास होत नाही. सुश्रुताचार्यांच्या षट्क्रियाकालाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. व्यक्तावस्थेपूर्वी व्याधी गाठावा, ही दृष्टी आपल्याला नवीन नाही. मात्र हे साम्य फार ताणू नये. स्थानसंश्रयाची पूर्वरूपे रुग्ण सांगू शकतो. येथे सांगण्यासारखे काहीच नसते. म्हणून निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांचीच तपासणी करावी लागते, आणि तिलाच चाळणी तपासणी किंवा स्क्रीनिंग म्हणतात.

आता बार्शीकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातील या गावी नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये तेथे ग्रामीण भागातील कर्करोग रुग्णांची नोंदवही सुरू झाली. देशातील अशी ही पहिली ग्रामीण नोंदवही. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांचे सहकारी गावोगाव जाऊन रुग्ण शोधत व स्त्रियांना लक्षणे समजावून सांगत. केवळ या लोकशिक्षणाने रुग्ण लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे त्यांनी पुढे प्रसिद्ध केले. याच पायावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठा तुलनात्मक अभ्यास उभा राहिला. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांचा त्यात प्रमुख सहभाग होता.

अभ्यासाची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. गावांचे ५२ समूह केले गेले. कोणत्या समूहाला कोणती तपासणी मिळेल हे सोडतीच्या पद्धतीने ठरले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात आल्या. पहिल्या गटातील स्त्रियांची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यातील स्त्रियांची पेशीपरीक्षा म्हणजे पॅप चाचणी आणि तिसऱ्यातील स्त्रियांची व्हीआयए तपासणी एकेकदाच करावयाची होती. व्हीआयएमध्ये गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून सुमारे एक मिनिटाने पांढरा डाग उमटतो काय, हे नुसत्या डोळ्यांनी पाहतात. चौथ्या गटाला नेहमीची उपलब्ध सेवा व आरोग्यशिक्षण एवढेच होते.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने मृत्यू पावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४ जणी गेल्या. दर लाखावर आणून पाहिल्यास हे प्रमाण सुमारे १०० व २०३ येते. एका चाचणीने आणि नंतरच्या उपचाराने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप व व्हीआयए गटांत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल अशी घट दिसली नाही. ज्यांची एचपीव्ही चाचणी नकारात्मक आली, त्यांच्यापैकी एकीचाही आठ वर्षांत या कर्करोगाने मृत्यू झाला नाही.

येथे एक आकडा वाचकांना चकवील. एचपीव्ही गटात एकूण १२७ कर्करोग सापडले, तर चौथ्या गटात ११८. म्हणजे तपासणी केलेल्या गटातच कर्करोग अधिक! परंतु दुसऱ्या किंवा त्यापुढील अवस्थेतील कर्करोग पाहिले तर पहिल्या गटात ३९ आणि चौथ्या गटात ८२ होते. जे पुढे रक्तस्राव झाल्यावर कळले असते, ते चाळणीत लवकर हाती आले. यास्तव एखाद्या शिबिरात ‘इतके रुग्ण शोधले’ एवढ्यावरून त्या शिबिराचे मूल्य ठरवू नये. किती स्त्रिया वाचल्या, हाच प्रश्न विचारावा.

चौथा गट कशासाठी ठेवला, हे आम्हास विशेष महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या व्यवसायातील एक जुनी सवय येथे तपासली जाते. समजा, एचपीव्ही सकारात्मक असलेल्या दहा स्त्रियांना आपण एखादा कल्प दोन वर्षे दिला आणि त्यांपैकी नऊ जणी पुढे नकारात्मक झाल्या. आपण म्हणू, औषधाचा गुण आला. पण हा संसर्ग कोणत्याही औषधाविना, शरीराच्या स्वतःच्या बलाने, दहांपैकी सुमारे नऊ जणींत एक-दोन वर्षांत नाहीसा होतो. औषध न घेतलेल्या दहा जणी शेजारी उभ्या केल्याशिवाय औषधाने काय केले, हे कळणारच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ति ही चार प्रमाणे सांगितली आहेत. अनेक कारणांच्या संयोगातून फल कसे निपजते हे पाहणारी युक्ति आपण चिकित्सेत वापरतो, पण स्वतःच्या यशाच्या परीक्षणास क्वचितच लावतो. आपला कोणताही कल्प गर्भाशयमुखाची पूर्वविकृती घालवितो, असे या तोडीच्या अभ्यासाने सिद्ध झालेले नाही. तोवर तसे रुग्णास सांगणे अशास्त्रीय ठरेल.

याच चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. पॅप चाचणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत पूर्वीच दिसून आला असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप परदेशातील व भारतातील अभ्यासकांनी घेतला. त्या भागात तपासणीची कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती आणि येथील परिस्थितीत कोणती पद्धत चालेल हे ठाऊक नव्हते, असे संशोधकांचे म्हणणे होते. आमच्या मते आक्षेपात तथ्य आहे. ६४ हा आकडा वाचताना तो विसरता कामा नये. तथापि या आकड्यांतून मिळालेले ज्ञान वापरलेच नाही, तर अन्याय दुप्पट होईल.

व्हीआयएविषयी मात्र घाईने मत बनवू नये. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात याच तपासणीने मृत्यू ३५ टक्के घटल्याचे २००७ मध्ये दिसले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. शास्त्री यांच्या गटाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ही तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्के घटले. तीच तपासणी, पण फळ निरनिराळे. डोळ्यांनी करावयाच्या परीक्षेत परीक्षकाचा अभ्यास हाच अर्धा भाग असतो. हे नाडीपरीक्षा शिकलेल्या वैद्यास वेगळे सांगावयास नको.

या व अशा पुराव्यांवरून सूत्रे ठरली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणीची रूपरेषा दिली. त्यासोबत मुख व स्तन यांची तपासणीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीस प्रथम पसंती दिली. सामान्य स्त्रियांनी ती तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी करावी, एचआयव्हीबाधित स्त्रियांनी पंचविसाव्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी. महाराष्ट्रात उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमलेल्यांत आपले अनेक बी.ए.एम.एस. बंधू-भगिनी आहेत. तेव्हा ही सूत्रे परक्या शास्त्राची म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

खाजगी दवाखान्यात मात्र प्रश्न जरा वेगळा असतो. चाळणी तपासणी निरोगी स्त्रीसाठी आहे. जिला लक्षणे आहेत, तिला चाळणी नव्हे, निदान हवे. संबंधानंतर रक्तस्राव, दोन पाळ्यांमधील रक्तस्राव, दुर्गंधियुक्त रक्तमिश्रित स्राव, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, यांपैकी काहीही असल्यास प्रथम योनिदर्शन यंत्राने गर्भाशयमुख पाहिले गेले पाहिजे आणि संशय असल्यास तुकडा काढून तपासला गेला पाहिजे. अनेक वयस्क स्त्रिया ‘पाळी पुन्हा सुरू झाली’ असे काहीशा समाधानाने सांगतात. ते समाधान वैद्याने मानू नये. अशा स्त्रीची व्हीआयए नकारात्मक आली तरी निश्चिंत होऊ नये. रजोनिवृत्तीनंतर विकृती ज्या भागात होते तो भाग नलिकेत आत सरकतो व डोळ्यांना दिसत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती. रिकामी बाटली दाखवून घरचा माणूस तिसऱ्यांदा अशोकारिष्ट मागतो, तेव्हा ‘कोणासाठी, वय काय, किती दिवस रक्त जाते’ हे तीन प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट लागतो. उत्तर संशयास्पद असल्यास बाटली द्या, पण वैद्याकडे पाठवूनच द्या. कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहेत, हे दुकानातील फलक लावतानाही ध्यानात असावे.

सकारात्मक अहवाल घेऊन आलेल्या स्त्रीस धीर देणे हे आपलेच काम. उस्मानाबादेत शंभरांत सुमारे दहा जणींची एचपीव्ही चाचणी सकारात्मक आली होती. त्यांतील फारच थोड्यांना कर्करोग होता. हा अहवाल म्हणजे कर्करोग नव्हे आणि पतीवर वा पत्नीवर संशय घेण्याचे कारणही नव्हे, कारण संसर्ग अनेक वर्षांपूर्वीचा असू शकतो. पुढची तपासणी दुर्बिणीतून, म्हणजे कॉल्पोस्कोपीने, होते व पूर्वविकृती असल्यास ती शीतदहनाने किंवा विद्युत्तारेने काढता येते. हे टाळून ती आपल्या चूर्णावर वर्षभर थांबली, तर आपण तिचा लाभाचा काळ घालविला असे होईल. मुलींच्या लसीबद्दलही पालक विचारतात. पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली आहे. लस घेतलेल्या मुलीसही पुढे तिशीनंतर तपासणी लागेलच.

रुग्णास धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठविताना नुसते तोंडी सांगू नये. चिठ्ठीवर वय, प्रसूतींची संख्या, शेवटच्या पाळीचा दिनांक, रक्तस्राव केव्हापासून व कोणत्या वेळी होतो, आपण दिलेली औषधे व त्यांचा काळ, आणि पूर्वी कोणती तपासणी झाली काय, एवढे लिहावे. चिठ्ठीची प्रत आपल्याकडे ठेवावी आणि पंधरा दिवसांत ती स्त्री परत आली नाही, तर तिच्या घरी निरोप पाठवावा. कापूस वेचणीच्या व केळी काढणीच्या दिवसांत मजुरी बुडू नये म्हणून जाणे लांबणीवर पडते. त्या दिवसांत निरोप दोनदा पाठवावा लागेल.