दोन भिंती : व्हर्मेरच्या दैनंदिन जीवनचित्रांतील भौमितिक अमूर्तता

सतराव्या शतकात डच चित्रकारांच्या एका मोठ्या वर्गाने स्वयंपाकघर, अंगण, शिवणकाम, पत्रवाचन अशा रोजच्या व्यवहारांना स्वतंत्र चित्रविषयाची प्रतिष्ठा दिली. डेल्फ्ट येथील योहानेस व्हर्मेर (१६३२-१६७५) हा या परंपरेतील अग्रगण्य चित्रकार होय. त्याच्या चित्रांतील खिडक्यांच्या चौकटी, फरशीचे चौकोन, भिंतीवरील नकाशे आणि मोकळ्या जागा यांची मांडणी इतकी काटेकोर आहे, की आधुनिक प्रेक्षकाला तीत पीट मोंद्रिआन (१८७२-१९४४) याच्या आडव्या-उभ्या रेषांची पूर्वसूचना दिसू लागते. या साम्यावरून, व्हर्मेरच्या चित्रांचे मर्म भूमितीत असून दासी किंवा पत्र ही केवळ निमित्ते होत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत टिकतो, याची परीक्षा त्याच्या दोन चित्रांतील दोन भिंतींच्या आधारे करता येईल.

प्रथम ही भूमिती कशी सिद्ध होते ते पाहिले पाहिजे. खोलीच्या आत जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात ज्या बिंदूपाशी एकत्र येतात, तो लोपबिंदू. व्हर्मेरच्या अनेक चित्रांत या बिंदूपाशी टाचणीचे बारीक छिद्र आढळले आहे. तेथे टाचणी रोवून, तिला खडू फासलेली दोरी बांधून, ती ताणून सोडली की कॅनव्हासवर सरळ रेघ उमटते. सुतार फळीवर रेघ पाडतो, त्याच जातीची ही युक्ती आहे. वस्तूंना जागच्या जागी बसवणे हे या रेषेचे काम. मोंद्रिआनच्या उत्तरकालीन चित्रांतील रेषेवर अशी कोणतीही वस्तू पेलण्याची जबाबदारी नाही. दोघांतील साम्य दृश्य पातळीवरचे आहे. प्रयोजन भिन्न आहे.

पहिली भिंत अॅम्स्टरडॅमच्या रिक्सम्यूझियममधील 'दूध ओतणारी दासी' (सुमारे १६५७-५८) या चित्रातली. चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीचे. दासीच्या मागे जवळजवळ रिकामी पांढरी भिंत आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अवरक्त किरणांच्या तपासणीत असे दिसून आले, की तिच्या डोक्यामागे सुरया टांगण्याची फळी आणि उजवीकडे खाली विस्तवाजवळ ठेवण्याची वेताची टोपली यांचे रेखन व्हर्मेरने सुरुवातीला केले होते आणि मग स्वतःच ते झाकून टाकले. या वर्जनामुळे आकृतीचा त्रिकोणी घाट ठळक झाला. मात्र सर्वच पुसून टाकलेले नाही. भिंतीत एक खिळा आहे, त्याची सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकेही आहेत. लोपबिंदूचे छिद्र तर दासीच्या उजव्या हाताच्या किंचित वर सापडते. भूमितीचे केंद्र आणि कामाचे केंद्र येथे जवळजवळ एकच झाले आहे. वस्तू कमी करण्याने दूध ओतण्याची क्रिया गौण ठरत नाही, उलट ती अधिक भरीव होते.

दुसरी भिंत ड्रेस्डेन येथील 'उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणारी तरुणी' (सुमारे १६५७-५९) या चित्रातली. या चित्रातील मोकळी भिंत दीर्घकाळ व्हर्मेरच्या संयमाचा नमुना मानली गेली. १९७९ मधील क्ष-किरण तपासणीत भिंतीखाली कामदेवाचे चित्र असल्याचे कळले. पण ते व्हर्मेरनेच झाकले असावे, अशी समजूत कायम राहिली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या जतनकार्यात मूळ वार्निश आणि वरचा रंग यांच्यामध्ये मळाचा थर आढळला. हा रंग व्हर्मेरच्या मृत्यूनंतर परक्या हाताने चढवला होता, हे त्यावरून सिद्ध झाले. २०२१ मध्ये चित्र मूळ स्वरूपात प्रदर्शित झाले, तेव्हा भिंतीवर मुखवटे पायदळी तुडवणारा कामदेव उभा होता. त्यामुळे पत्र प्रेमपत्र आहे आणि प्रेमातील कपटावर मात करणे हा आशयाचा भाग आहे, या अर्थनिर्णयाला आधार मिळाला. ज्या रिक्ततेवर रूपवादी विवेचन उभे होते, ती चित्रकाराची नव्हतीच.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने या उदाहरणाला विशेष महत्त्व आहे. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या लयबद्ध रचनेत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियम मांडले. पांढऱ्या भिंतीशी निळ्या-पिवळ्या वस्त्रांचा विरोध, खिडकीच्या भाराला आकृतीने दिलेला समतोल, हे सारे या नियमांनी नेमके उलगडते. परंतु खिळा का राहिला आणि टोपली का गेली, याचे उत्तर केवळ लयीतून मिळत नाही. त्यासाठी घर, श्रम आणि वस्तू यांचे लौकिक ज्ञान लागते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेच्या संकल्पनेला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले. व्हर्मेरचे चित्र या दोन्ही ध्रुवांमधील ताणावर उभे आहे.

यातून एक पद्धतिविषयक दंडकही निघतो. कलाकृतीतील रिकामी जागा, मग ती चित्रातील असो वा कवितेतील, अर्थपूर्ण असू शकते. परंतु ती कोणी आणि केव्हा रिकामी केली, हे तपासल्याशिवाय तिच्यावर सिद्धांत रचता येत नाही. संहितेची चिकित्सा सौंदर्यविचाराच्या आधी येते. दासीमागील भिंत या परीक्षेला उतरते. ड्रेस्डेनची भिंत उतरली नाही.