खालच्या आकड्याला हात लावू नका

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. आता कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीतली दहावीची मुलं विज्ञान विचारायला घरी येतात. 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा तिसरा धडा आला की एक चूक दरवर्षी ठरलेली.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. एका हुशार मुलीने पाण्याच्या सूत्रात 'ओ'खाली २ लिहिला, दोन्ही बाजू जुळवल्या आणि वही पुढे केली. एच-टू-ओचं एच-टू-ओ-टू झालं होतं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड.  जुळलं म्हणून बरोबर, असं इथे नसतं. सूत्र एकदा नीट लिहिलं की ते गोठलं. बदलायचा तो सूत्राच्या डावीकडचा सहगुणक. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी. पडताळा हवा तर वजनं घाला: ४ ग्रॅम आणि ३२ ग्रॅम, मिळून ३६ ग्रॅम पाणी.

मुलं विचारतात, एक सहगुणक राहिला तर जातो अर्धा मार्क, एवढं काय? मग मी सोडिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्लाचं समीकरण काढतो. कारखान्यात आम्ही सोडिअम हायड्रॉक्साइडला नुसतं कॉस्टिक म्हणायचो. आम्लयुक्त सांडपाणी बाहेर सोडण्याआधी ते उदासीन करावं लागतं. समीकरण संतुलित न करता एकास एक धरलं, तर ९८ किलो आम्लाला ४० किलो कॉस्टिक पुरेल असं वाटेल. लागतं ८० किलो. निम्मंच टाकलं तर पाणी आम्लधर्मीच राहणार.

हे समीकरण सोडवताना सल्फेट फोडू नका. तो गट दोन्ही बाजूंना अखंड आहे, तेव्हा एकच वस्तू म्हणून मोजा. सुरुवात सर्वांत गुंतागुंतीच्या सूत्रापासून, म्हणजे सोडिअम सल्फेटपासून. त्यात सोडिअम दोन, म्हणून कॉस्टिक दोन. मग पाणी आपोआप दोन. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बऱ्याच सूत्रांत विखुरलेले असतात, त्यांना शेवटी धरावं. सुटं मूलद्रव्य तर सगळ्यात शेवटी, कारण त्याचा आकडा बदलला तरी दुसरं काही बिघडत नाही.

सिलिंडरमधल्या ब्युटेनच्या ज्वलनात हे छान दिसतं. कार्बन चार, हायड्रोजन दहा; म्हणून चार कार्बन डायऑक्साइड, पाच पाणी. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू तेरा होतात आणि मुलं घाबरून सगळं खोडतात. खोडू नका. ऑक्सिजनला साडेसहा लिहा, मग सगळं दुप्पट करा: दोन, तेरा, आठ, दहा. अपूर्णांक वाटेत चालतो, उत्तरात नको.

अंदाजाने जुळवण्यालाही मर्यादा आहे. पोटॅशिअम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं समीकरण हौसेने घेऊन बसणारे आहेत. तिथे आम्लातला काही क्लोरीन वायू होऊन निघतो, काही क्षारात राहतो, आणि आम्लाचा सहगुणक थेट १६ वर जातो. त्याला ऑक्सिडीकरण अंकाची पद्धत लागते, ती अकरावीत येते. तोवर असलं समीकरण दिसलं तर पुढचा प्रश्न घ्या.