शासन म्हणजे काय? वऱ्हाडच्या इतिहासावरून एक पाठ

नागरिकशास्त्राच्या तासास राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही ही नावे मुले बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु ‘सरकार कोठे आहे?’ असे विचारताच बोट तहसील कचेरीकडे जाते. राज्य आणि शासन यांतील भेद मनात उतरलेलाच नसतो. भूप्रदेश, लोक, सार्वभौम सत्ता व शासन मिळून राज्य होते. शासन हे त्याचा कारभार चालविणारे अंग होय. मंत्रिमंडळ बदलले तरी राज्य राहते. एवढे सांगून शिक्षकांनी व्याख्या आवरावी व तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत : सत्ता कोणाच्या नावाने चालते? ती कोणाच्या हाती असते? सत्ताधाऱ्यास जाब कोण विचारू शकतो?

मलकापूरच्या शिक्षकास याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १७२४ साली आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि बादशहाचे नाव राखून दख्खनेत स्वतःचा अंमल बसविला. पुढे वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही वसूल चाले. ती दोअमली १८०३ च्या देवगावच्या तहाने संपली. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे सोपविला, आणि १९०२ च्या करारान्वये तो सालिना २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. मालकी हैदराबादची, अंमलदार इंग्रजांचे! रयतेस मात्र दोघांपैकी कोणीही विचारले नव्हते. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे प्रतिनिधी मध्यप्रांताच्या कायदेमंडळावर जाऊ लागले. पण हा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे निवडून आलेल्यांची पुन्हा रीतसर नेमणूक करावी लागे. हा तपशील वर्गात अवश्य सांगावा. नाव एकाचे व हात दुसऱ्याचा, हे त्यावरून मुलांस चटकन कळते.

मग परदेशाकडे वळावे. ब्रिटनमध्ये राजा आहे, परंतु पंतप्रधान पार्लमेंटला जबाबदार असतो. ती घटनात्मक राजेशाही. नेपाळने २००८ मध्ये राजपदच रद्द केले. उलट, कित्येक हुकूमशहांनी आपल्या राज्यास प्रजासत्ताक म्हणविले आहे. म्हणून पाटी वाचून शासनप्रकार ठरवू नये. तिसरा प्रश्न लावून पाहावा. अमेरिकेची अध्यक्षीय व आपली संसदीय पद्धती यांतील भेद वरच्या वर्गांसाठी ठेवावा.

२६ जानेवारी १९५० पासून आपल्याकडे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मतदार’ असे झाले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतींस संविधानात स्थान मिळाले. गावातील सर्व मतदारांची ग्रामसभा हे जाब विचारण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण. वर्गात ग्रामसभा भरवावी. सरपंचाची भूमिका दरवेळी मुलासच देण्याची सवय काही शाळांत दिसते. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हे तेथे विसरले जाते.

शेवटी एक लेखी काम द्यावे : गावची विहीर आटली आहे. १९१० साली मलकापूरच्या रहिवाशाने कोणास, कोणत्या भाषेत लिहिले असते? आज काय करावे? पहिले उत्तर अर्जाच्या रूपात, दुसरे ग्रामसभेच्या ठरावाच्या रूपात लिहून घ्यावे.