एक झाकण औषध

सहा कोरी मासे आणले शनिवारी संध्याकाळी, आणि पुढच्या शनिवारी टाकीत त्यातले दोनच उरले. मधल्या आठवड्यात मी हात बांधून बसलो होतो असं नाही. उलट नको तितकं केलं, तीच भानगड झाली.

ठाण्यात आमच्या घरी दोन फुटी टाकी आहे. चार वर्षं गप्पी आणि टेट्रा सुखाने नांदत होते. धाकटीने कुठेतरी कोरी कॅट पाहिला आणि "बाबा, डोळा मारणारा मासा हवा" म्हणून धोशा लावला. हा मासा खरंच डोळा मारतो. म्हणजे बुबुळ चटकन खाली वळवतो आणि आपल्याला तसं वाटतं. मिशा रेतीत खुपसून दिवसभर तळ हुंगत फिरणारा, अडीच इंचांचा, निरुपद्रवी जीव. दक्षिण अमेरिकेतला.

दुकानातल्या टाकीत वीसेक होते. एक जण कोपऱ्यात पंख मिटून बसला होता. मी बोट दाखवलं तर पोरगा म्हणाला, "झोपलाय काका." मी मान डोलावली. आता मी त्या टाकीतला एकही मासा घेणार नाही, कारण एक आजारी म्हणजे त्या पाण्यातले सगळेच संशयित. जाळीत धरताना एकाच्या पंखाचा काटा अडकला. पोराने तो हिसडून सोडवला. कोरीच्या छातीजवळच्या पंखांना टोकदार काटा असतो, घाबरला की तो ताठ करून ठेवतो. हे मासे जाळीने नाही, डब्याने उचलायचे.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला. घरी आलो तेव्हा पिशवीतल्या पाण्यावर फेस आला होता. मला वाटलं, पिशवीला साबण लागला असेल. पुढे वाचनात आलं की कोरीच्या त्याच काट्याच्या बुडाशी विषाच्या ग्रंथी असतात. फार भेदरला तर ते विष बाहेर पडतं. नदीत ते वाहून जातं, बंद पिशवीत मात्र स्वतःच्याच विषात बसायची पाळी येते.

त्यावर मी जुन्या माणसांचा सल्ला पाळला. पिशवी उघडून टाकीच्या काठाला बांधली आणि तासभर दर पाच मिनिटांनी पेलाभर पाणी घालत बसलो. केवढी काळजी! बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे त्यातला अमोनिया फारसा जाच करत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणजे मी त्यांना तासभर जहाल पाण्यात ठेवलं होतं. आता मी बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवतो, तापमान जुळलं की उघडतो, डब्याने मासे लगेच आत सोडतो आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओततो.

चौथ्या दिवशी शेपटीवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला सगळे 'इक' म्हणतात. ब्राँझ कोरीच्या अंगावर ते पटकन कळत नाहीत; खवल्यांऐवजी दोन्ही कुशींना हाडांच्या पट्ट्यांच्या ओळी असतात, आणि उघडं पोट तर रेतीला टेकलेलं. टॉर्च मारून पंख आणि शेपटी पाहावी लागते. त्याआधी दोन दिवस ते रेतीवर अंग घासत होते. धाकटीला तो खेळ वाटला, मलाही.

दुकानात फोन केला. "हिरवं औषध आहे ना? एक झाकण टाका, मूठभर मीठ टाका, हीटर वाढवा. सकाळपर्यंत साफ." एका रात्रीत मी तिन्ही गोष्टी केल्या. हीटर बत्तीसवर.

त्या रात्री कोरी सारखे वर येत होते, झटक्याने पाणी कापून, हवेचा घोट घेऊन परत खाली. एरवीही ते असा घोट घेतात, आतड्यातून तेवढा प्राणवायू शोषतात. अधूनमधून असेल तर ठीक. मी पाहिलं तेव्हा मिनिटाला एकदा चाललं होतं. मला वाटलं भूक लागली, म्हणून चिमूटभर खाणंही टाकलं. सकाळी दोन ओंडक्याखाली उलटे पडलेले, पोटं पांढरीफटक. संध्याकाळपर्यंत आणखी दोन.

चूक कुठे झाली ते मी नंतर कागदावर मांडलं. चोवीस बाय बारा बाय बारा इंच म्हणजे 56 लिटर, असं मी धरलं होतं. पण पाणी काठापासून दोन इंच खाली, तळाला दोन इंच रेती, वर ओंडका. प्रत्यक्ष पाणी जेमतेम 40 लिटर. बाटलीवर लिहिलं होतं 50 लिटरला 5 मिलि. म्हणजे मला लागत होते 4. झाकण औषधाच्या सिरिंजने मोजलं तर त्यात 7 मिलि मावत होते. शिवाय हिरव्या औषधात मॅलॅकाइट ग्रीन असतं आणि ते कोरीसारख्या कॅटफिशला सोसत नाही, त्यांना निम्मा डोस द्यायचा असतो, म्हणजे 2. मी साडेतीन पट दिलं होतं. मीठ तर न विरघळवता वरून टाकलं. खडे गेले थेट तळाला, जिथे हे उघड्या पोटाने बसतात. आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, हे शाळेत शिकलेलं तेवढ्यापुरतं विसरलो.

एवढं करूनही 'सकाळपर्यंत साफ' होणं शक्यच नव्हतं. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे त्याला औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाला चिकटतो, एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पोहू लागतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्यांना. म्हणून उपचार अनेक दिवसांचा असतो, एका रात्रीचा नाही. पाणी कोमट असलं तर चक्र लवकर फिरतं, म्हणून 28 अंशांपर्यंत हळूहळू चढवावं, दिवसाला एखाद-दोन अंशांनी. मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्यातही पाणी बरेचदा 27 च्या आसपास असतं, हीटरला फारसं काम नाही. शेवटचा ठिपका गेल्यावरही मी आठवडाभर औषध चालू ठेवतो.

उरलेल्या दोघांना असंच वाचवलं. निम्मं पाणी बदललं, फिल्टरमध्ये एक दिवस कार्बन ठेवला म्हणजे जादा औषध शोषलं जाईल, एअर पंपाचा दगड वाढवला. मग कार्बन काढून सिरिंजने 2 मिलि. कार्बन आत ठेवून औषध घालणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. टाकीचा दिवा बंद, कारण उजेडात हे औषध लवकर निकामी होतं. हातात मोजे, कारण खाण्याच्या माशांवर ते वापरायला कित्येक देशांत बंदी आहे, ती उगीच नाही. प्रत्येक डोसाआधी चौथाई पाणी बदलायचं, सायफनची नळी रेतीवरून फिरवत, म्हणजे तळाचे चिकटलेले थोडे तरी निघून जातात. नळाच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन.

ठिपके नसतील आणि मासे नुसते धापा टाकत असतील, तर बाटलीला हातच लावू नये. अमोनियाच्या किटमधल्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकावेत. पिवळं राहिलं तर बरं, हिरवट झालं तर तो रोग नसून पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाणी बदलणं हेच औषध. नव्या टाकीत तर हे ठरलेलंच. फिल्टरमध्ये जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. मिशा झिजल्या असतील तर तळाची घाण पाहा. बुंधे शाबूत असले तर मिशा परत वाढतात. पोटावर लाल डाग आले तर ते प्रकरण वेगळं, जिवाणूंचं; हिरव्या बाटलीने ते जात नाही.

नंतर चार कोरी परत आणले, दुसऱ्या दुकानातून, तिथे दहा मिनिटं उभं राहून. हे थेट टाकीत गेले नाहीत. गच्चीकडच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी 30 लिटरचा प्लास्टिकचा टब, तळाला रेती नाही, आडोशाला मातीचं फुटकं कुंडं, आणि एक स्पंज फिल्टर, जो मी आधी तीन आठवडे मोठ्या टाकीत चालवून घेतला होता. जाळी वेगळी, नळी वेगळी. ओल्या जाळीबरोबरही इक जातो. पहिल्या दिवशी खाणं नाही. औषधही नाही. चार आठवडे नुसतं पाहणं.

बायकोला तो टब वाळवणासाठी हवा आहे. तिला सांगितलंय, अजून नऊ दिवस. काल रात्री टॉर्च मारला तर एका शेपटीवर पांढरं काहीतरी दिसलं. पोटात गोळा आला. दहा मिनिटं वाकून पाहिलं; तो हलला तसा तो कण पाण्यात सुटला आणि दुसऱ्याने येऊन खाल्ला. खाण्याची भुकटी होती. सिरिंज मात्र मी अजून खिडकीतच ठेवली आहे.